ताटातलं उरतं कुठे आणि शेव येते कुठून?



मागच्या डिसेंबरातली गोष्ट. मुगाची डाळ, मेथीची कोरडी भाजी, ज्वारीची भाकरी आणि आवळ्याचं लोणचं असं साधं ब्याळू केलं होतं. सूर्य मावळायला वीस मिनिटं होती. हे दुकानातून आले, हात धुतले, पाटावर बसले. अर्धी भाकरी खाल्ली, दोन घास डाळीचे घेतले आणि ताट सरकवलं. मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाले, "अगं, आज ऊणोदरी."

मी त्यांच्या सदऱ्याकडे पाहिलं. खिशाजवळ शेवेचा चुरा होता.

त्या दिवशी मी खूप बोलले. इतकं बोलले, की ब्याळूची वेळ टळली आणि मीच उपाशी राहिले. चौविहार असल्यामुळे नंतर पाणीही नाही. रात्री झोप लागेना तेव्हा मनात एकच हिशेब चालू होता: सकाळी उठून मेथी निवडली, डाळ भिजवली, भाकऱ्या थापल्या, आणि जिंकली कोण, तर दहा रुपयांची पुडी.

ताटात टाकणं ही आपल्या घरात नुसती नासाडी नसते, हे तुम्हाला सांगायला नको. उष्ट्या अन्नात 48 मिनिटांत, म्हणजे एका मुहूर्तात, संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते असं आपण मानतो. म्हणून तर ताट धुऊन पाणी प्यायची रीत. माझ्या सासूबाई ताट इतकं स्वच्छ करायच्या, की घासायला टाकलं की धुतलेलं, ते कळायचं नाही. त्याच घरात आता माझ्यासमोर रोज अर्धं ताट. टाकलं तर जीवहिंसा, मी खाल्लं तर माझी ऊणोदरी मोडली, गाईला द्यायचं तर अंधार झालेला.

मी बी.कॉम. झालेली बाई. राग आला की मी वही काढते. दुसऱ्या दिवसापासून एक वही घातली. तारीख, काय केलं, किती उरलं, दुकानात काय खाल्लं. हे कबूल करायचे ते एका रकान्यात आणि सदऱ्यावरून कळायचं ते दुसऱ्या. वही भरत असताना दुसरा प्रश्न डोक्यात आला. माणसं कायमच असं मधे मधे खात होती का? की हे कधीतरी सुरू झालं? त्याचं उत्तर शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. आमच्या फर्दापूरपासून चार किलोमीटरवर ते आहे.

अजिंठ्याची लेणी आमच्या रोजच्या बोलण्यात नुसती "वर" असतात. वर गर्दी आहे, वर आज बंद आहे. बायका-पोरांना घेऊन किती वेळा गेलो असू, पण तिथे राहणारे लोक जेवायचे कधी, असा विचार मी कधी केला नव्हता. वाघोरा नदीच्या वळणावर पहिली लेणी कोरली गेली ती इसवी सनाच्या आधी. बहुतेक मोठी, चित्रांची लेणी पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. त्याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख 16 नंबरच्या लेण्यात आहे. चैत्य सोडले तर बाकीचे विहार. त्यात भिंतीला लागून खोल्या. तिथे भिक्खू राहायचे, आणि त्यांच्या विनयात एक नियम होता: मध्यान्हीनंतर दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत अन्न घ्यायचं नाही. अवेळी खाण्याला त्यांच्या भाषेत शब्द आहे, विकालभोजन.

पण त्या नियमालाही एक फट होती, आणि ती वाचून मला हसूच आलं. काही भिक्खू आजारी पडले, अन्न पोटात ठरेना, रोडावले. तेव्हा पाच गोष्टी औषध म्हणून अवेळीही घ्यायला परवानगी मिळाली: तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ-काकवी. पुढे त्या सात दिवसांपेक्षा जास्त साठवायच्या नाहीत असाही नियम झाला. साठवायच्या नाहीत असा नियम कधी होतो? लोक साठवायला लागले की होतो. आमचे हेही म्हणतात, "गोळी रिकाम्या पोटी घेऊ नको असं डॉक्टर म्हणालेत." औषधाच्या नावाने मधलं खाणं दारातून आत येतं, हे दोन हजार वर्षांपूर्वीही ठाऊक होतं.

आता आपल्याकडे पाहू. उत्तराध्ययन सूत्राच्या 26व्या अध्ययनात साधूच्या दिवसाची वाटणी दिली आहे. पहिल्या प्रहरात स्वाध्याय, दुसऱ्यात ध्यान, तिसऱ्यात गोचरी आणि चौथ्यात पुन्हा स्वाध्याय. खाण्याला दिवसाचा एक प्रहर, तोही मागून आणलेलं घेण्यासाठी. त्याच सूत्राच्या 30व्या अध्ययनात तपाचे प्रकार आहेत. सहा बाह्य तपांत अनशन पहिलं आणि ऊणोदरी दुसरं. पुरुषाचा पूर्ण आहार 32 कवळ, स्त्रीचा 28 असं परंपरेत सांगितलंय. 32 च्या जागी 31 घेतले तरी ती ऊणोदरी.

ह्यांच्या "आज ऊणोदरी"चं उत्तर इथे आहे. कवळ पोटात गेलेले मोजायचे असतात, ताटात राहिलेले नव्हे. दुकानात वीस कवळ शेव खाऊन घरी बारा कवळ जेवलं, तर बेरीज 32 च होते. वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचं तर एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात टाकलं, शिल्लक काही बदलली नाही. आणि भूक असताना थांबण्यात तप आहे. भूक आधीच मारून थांबण्यात कसलं तप?

शोधता शोधता एका शब्दाने मला फार आनंद दिला. आपण संध्याकाळच्या जेवणाला ब्याळू म्हणतो, मराठीत व्याळू. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात संध्याकाळच्या जेवणाला व्याळी म्हटलंय. हा शब्द आला विकाल वरून, म्हणजे दिवस कलण्याची वेळ. तोच विकाल, जो बौद्ध विनयात अवेळ म्हणून आला. आणि तोच विकाल आपल्या दशवैकालिक सूत्राच्या नावात आहे. आचार्य शय्यंभवांनी आपला मुलगा, बालमुनी मनक, याचं आयुष्य सहाच महिने उरलंय हे जाणून त्याच्यासाठी दहा अध्ययनं रचली. ती विकालवेळी पुरी झाली म्हणून हे नाव, असं परंपरा सांगते. सूर्य मावळायच्या आधीची ती थोडीशी वेळ. कुणाला ती खाण्यासाठी बंद, कुणाला शेवटच्या घासाची. पण वेळेला नाव होतं, तिला मान होता.

आता मधल्या खाण्याचे शब्द पाहा. नाश्ता हा शब्द फारसी. तिकडे त्याचा अर्थ न खाल्लेला, उपाशीपोटी. फराळ हा फलाहारातून आला, म्हणजे उपासाचं खाणं. आज फराळ म्हटलं की डोळ्यांसमोर दिवाळीची शेव-चकली येते. उपासाचे दोन शब्द, आणि दोन्ही आपण तळून काढले!

म्हणजे पूर्वी तळलेलं, कुरकुरीत कुणी खात नव्हतं का? खात होते की. कल्याणीचे चालुक्य राजे, ज्यांचं राज्य आपल्या मराठवाड्यावरही होतं, त्यांच्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात मानसोल्लास नावाचा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या भोजनाचं वर्णन आहे. डाळी वाटून तळलेले वडे आहेत, दह्यात भिजवलेले वडे आहेत. पण ते सगळं जेवणाच्या पंगतीत. आपल्या मराठी ताटातही तेच. डावी बाजू म्हणजे चटणी, कोशिंबीर, लोणचं, पापड-कुरडई. कुरकुरीत हवं ही जिभेची मागणी जुनीच आहे. तिची जागा ताटाच्या डाव्या कडेला होती आणि माप चिमटीएवढं.

आपल्या मारवाडकडच्या पूर्वजांचं तर आणखी वेगळं. तिकडे वाळवंट, हिरवी भाजी दुर्मीळ. म्हणून पापड, मुंगोडी, बेसनाचे गट्टे ही तोंडी लावणी नव्हती, ती भाजीच होती. त्यात आठम-चौदसला हिरवी सोडण्याचा आपला नियम. त्या दिवशी आजही मी पापडाची नाहीतर शेवेची भाजी करते. शेजारचा खानदेश तर शेवभाजीसाठी प्रसिद्धच आहे. म्हणजे ज्या शेवेवर मी इतकी चिडले, ती मुळात स्वयंपाकघरातलीच लेक. ती ताट सोडून बाहेर कधी पडली, हा खरा प्रश्न.

माझ्या समजुतीप्रमाणे ती बाहेर पडली प्रवाशांबरोबर. घरात ताट असतं, वाटेत नसतं. वाटेवर दशमी, चटणी, लाह्या, फुटाणे, आपल्याकडे खाखरा. आणि आमचं फर्दापूर हे मुळात वाटेवरचंच गाव. बऱ्हाणपूरहून औरंगाबादला जाणारा मोगली रस्ता अजिंठ्याचा घाट चढायच्या आधी इथे थांबायचा. म्हणून इथे सराई बांधली गेली, ती औरंगजेबाच्या काळातली म्हणतात. घाटाच्या पायथ्याशी रात्र काढायची, जनावरांना चारा द्यायचा, स्वतः दोन मुठी काहीतरी खायचं आणि पहाटे घाटाला लागायचं.

28 एप्रिल 1819 ला जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या वेळी लेणी दिसली आणि घाट ओलांडणाऱ्यांच्या जोडीला दुसरे प्रवासी यायला लागले, बघायला येणारे. 1909 नंतरच्या दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांनी चित्रांच्या नकला करण्यासाठी फर्दापूरला तळ ठोकला. त्यांच्या मदतीला नंदलाल बोस, असितकुमार हलदार यांच्यासारखे तरुण चित्रकार होते. 1983 मध्ये लेणी जागतिक वारसा यादीत आली. आता टी-पॉइंटला गाड्या थांबतात आणि तिथून बस वर जाते. सराईच्या काळापासून आजपर्यंत हे गाव दुसऱ्याच्या भुकेच्या वेळेवर जगलंय.

बाहेर महाराष्ट्रातही हेच घडत होतं. कावसजी दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत कापडगिरणी काढली. गिरण्या वाढल्या तशी कोकण-घाटावरची माणसं कुटुंब गावी ठेवून मुंबईला गेली. त्यांची पोटं भरली ती खानावळ चालवणाऱ्या बायकांनी. त्या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पण पाळीला पळणाऱ्या माणसाला बसून जेवायला वेळ कुठे? दादर स्टेशनबाहेर 1966 च्या सुमारास अशोक वैद्यांनी वडा पावात घालून दिला, तो का चालला, ते ह्यातच आहे. ताट नको, पाट नको, उभ्या उभ्या चार घासांत काम. बटाटा आपल्याला वर्ज्य, म्हणून आपण तो खाल्ला नाही, पण उभ्याने खाण्याची सवय मात्र आपल्याही घरात आली.

त्यात चहाची भर. 1930 च्या दशकात चहाचा खप वाढवण्यासाठी सरकारी मंडळाने गावोगाव प्रचार केला, लोकांना चहा करून पाजला. चहा आला की चहाबरोबर काहीतरी आलंच. दिवसाला एक नवी वेळ चिकटली, चारची. विकाल गेला आणि चहाची वेळ आली.

तेलाचं म्हणाल तर माझ्या माहेरी कढई चढायची ती सणावाराला. आई तेल मापून घ्यायची आणि तळलेल्याचं उरलेलं तेल फोडणीला पुरवायची. 1986 मध्ये केंद्राने तेलबिया अभियान सुरू केलं, पुढे बाहेरूनही स्वस्त तेल आलं. त्याबरोबर प्लॅस्टिकच्या चकचकीत पुड्या आल्या. पूर्वी तळण उघडं पडलं की चार दिवसांत खवट व्हायचं, म्हणून थोडंच करायचे. पुडीने ती अडचण काढून टाकली. आपल्याकडे मिठाई-तळणाला काळ ठरलेला आहे: पावसाळ्यात 15 दिवस, उन्हाळ्यात 20, थंडीत 30. पुडीवर चार-चार, सहा-सहा महिने छापलेले असतात. काळ संपला, की खाण्याला थांबवणारं काहीच उरलं नाही.

इतकं सगळं वाचून मी मोठ्या तोऱ्यात वही उघडली. म्हटलं, आता ह्यांना पुराव्यानिशी दाखवते. 30 दिवसांची नोंद होती. 19 दिवस ताटात उरलेलं. उरलेल्या 11 दिवसांवर बोट फिरवलं आणि थबकले. महिन्यातले चारही सोमवार त्यात होते. चारही सोमवारी ताट लख्ख.

सोमवारी लेणी बंद असतात.

मग मला 2020 आठवलं. लेणी कित्येक महिने बंद होती, दुकानात कुणी येत नव्हतं. पैशांची चिंता होती, तरी हे दोन्ही वेळा नीट जेवायचे. भाजीला काय फोडणी दिली ते विचारायचे. त्या दिवसांत मी एकदाही चिडले नव्हते. मला वाटलं होतं, घरात बसून माणूस सुधारला.

दुकानाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. आमचं किराणा आणि जनरल. दुपारी साडेबारा ते तीन वरून उतरणाऱ्यांची झुंबड. संध्याकाळी लेणी बंद झाल्या, की शेवटच्या बसमधून लोक उतरतात. कुणाला पाणी, कुणाला बिस्किट, कुणाला पोरासाठी वेफर्स. हिवाळ्यात सूर्य सहाच्या आत मावळतो. म्हणजे चौविहाराची वेळ आणि गिऱ्हाइकाची वेळ एकच. पाच वाजता पोटात कावळे ओरडतात, हात गल्ल्यावर, समोर पुड्यांच्या माळा. हाताशी येईल ते तोंडात. मग कसेबसे धावत घरी, सूर्य मावळायला वीस मिनिटं, आणि ताटासमोर बसल्यावर भूक नाही. 38 वर्षं हे असंच चाललंय. रात्री उशिरा जेवले असते तर हा प्रश्नच नव्हता. नियम मोडायचा नाही म्हणून ते अवेळी शेव खात होते, आणि मी त्याला माझ्या स्वयंपाकाचा अपमान समजत होते.

आणखी एक रकाना मी लिहिलाच नव्हता. त्या माळांमधल्या पुड्या विकूनच दोन मुलांच्या फिया भरल्या. खरेदी-विक्रीची वही माझ्याच अक्षरातली आहे. कुठली पुडी किती खपते, तिच्यावर किती सुटतात, मला तोंडपाठ. गिऱ्हाइकाने घेतली तर नफा, नवऱ्याने खाल्ली तर कलागत.

मी त्या रात्री ह्यांना काही दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचं जेवण साडेदहाला लावलं, वरची गर्दी उतरायच्या आधी. पूर्ण जेवण, बसून. आणि संध्याकाळी साडेचारला ब्याळूचा डबा घेऊन मीच दुकानात गेले. पंधरा मिनिटं गल्ला माझ्याकडे. हे मागच्या खोलीत पाटावर बसले. तो दिवसाचा चौथा प्रहर, गिऱ्हाइकही थोडं. डब्याच्या झाकणात चिमूटभर शेव ठेवली होती, घरची, हिंग-ओव्याची, ताटाच्या डाव्या बाजूला जेवढी असते तेवढी. वाढायचं कमी आणि मागितलं तर पुन्हा द्यायचं, एवढा एक नियम केला. भाकरी अर्धीच ठेवली. त्यांनी उरलेली अर्धी मागितली. किती वर्षांनी ह्यांनी माझ्याकडे काही मागून घेतलं, मला आठवेना.

सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. हंगामात मलाच जाता येत नाही, गुडघे दुखतात. सदऱ्यावर चुरा अजून दिसतो. ह्यांची साखर थोडी वर आहे, त्याची काळजी वेगळीच. पण नव्या महिन्याच्या वहीत उरलेल्या ताटांचे दिवस 19 वरून 7 वर आले. त्या सातांतले पाच सुट्ट्यांच्या गर्दीतले.

सतराव्या लेण्यात विश्वंतर राजपुत्राची गोष्ट रंगवली आहे. सगळं दान करून तो बायको-मुलांसह नगर सोडून निघालाय आणि रथ बाजारातून चाललाय. दुकानं आहेत, दुकानदार आपापल्या जागी. पूर्वी मी राजपुत्र आणि त्याची राणी बघायची. परवा नातीला घेऊन गेले तर नजर त्या दुकानदारांवरच खिळली. दीड हजार वर्षं बिचारे गल्ल्यावर बसलेत. त्यांच्या घरी कुणीतरी ताट वाढून वाट बघत असेल आणि हे समोर असलेलं काहीतरी चघळत असतील, असं मनात आलं.

त्या डिसेंबरातल्या संध्याकाळी जे बोलले, त्याबद्दल मी ह्यांना प्रतिक्रमणानंतर मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. हे म्हणाले, "कशाबद्दल गं?" त्यांना आठवतही नव्हतं. मग हळूच म्हणाले, "उद्या मेथी कर."